उघाडीवरची दुपार

रोहिणीला रडण्याचे प्रकार ओळखता येत. बावीस वर्षं रोह्याच्या बाजारपेठेत एका अंधाऱ्या खोलीत बसून ती दुसऱ्यांच्या लग्नांचं मिक्सिंग करत आली होती. नवरा बाहेर जाऊन शूटिंग करायचा, ही आत बसून कापायची, जोडायची. मुलगी सासरी निघाली की कुठली आई मनापासून रडते, कुठली आत्या कॅमेऱ्याकडे बघून पदर डोळ्याला लावते आणि कुठला बाप मांडवामागे जाऊन नाक शिंकरतो, हे तिला बघताक्षणी कळे. पण ती सगळ्यांना सारखंच वागवी. खाली बासरी लावून टाकी. बासरी लावली की खोटं रडणंही खरं वाटतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कॉम्प्युटरही कोणी शिकवला नव्हता. नवऱ्याने आणून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, बघ जमतंय का. जमलं.

कान्हूमामा रडला तेव्हा मात्र कॅमेरा बंद करावा की चालू ठेवावा, हे तिला सुचेना.

कान्हूमामा तिच्या आईचा धाकटा भाऊ. पेणच्या खाडीकडे, जिथे डांबर संपतं आणि चिखल सुरू होतो, तिथल्या चिकणखार गावचा. ते गाव भरतीच्या पाण्याहून खालीच बसलंय म्हणा ना. मध्ये मातीचा बांध आहे म्हणून भात पिकतं, नाहीतर चिखलातली निवटी मासळीच पिकली असती. त्या बांधाला एका जागी दगडी तोंड ठेवलेलं आहे, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिच्या फळ्या वर करायच्या, शेतातलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती लागली की फळ्या खाली टाकायच्या, खारं पाणी शेतात येत नाही. एवढंच शास्त्र. पण ते ज्याच्या हातात, त्याच्या हातात गावाचं ताट. म्हणून उधाणाच्या दिवसांत घरागणिक पाळी लावून उघाडीवर माणूस बसवायचा, ही गावाची जुनी रीत.

जिल्ह्याची लघुपट स्पर्धा निघाली, विषय ‘पाणी आणि आपण’. लांबी बारा मिनिटं, वर एक सेकंद झाला तर बाद. पुढच्या महिन्यातल्या एका मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत वेबसाइटवर चढवायचा. रोहिणीने मोबाईलवर ती जाहिरात वाचली आणि तिच्या मनात आलं, बावीस वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यात हार पडताना पाहिले, एकदा आपलं काहीतरी करू. आपलं म्हणजे काय, तर मामाची उघाडी. लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून तिने याच बांधावरून भरती बघितली होती, ताडगोळ्याचं पाणी त्याच्या डोक्यावर सांडत.

तीन रविवार ती कॅमेरा घेऊन चिकणखारला गेली. पहिल्या रविवारी मामाने फळ्या कशा टाकायच्या ते करून दाखवलं. दुसऱ्या रविवारी जुनी गाणी म्हटली, त्यातली निम्मी दाखवण्याजोगी नव्हती. तिसऱ्या रविवारी तो उघाडीच्या कट्ट्यावर बसला, बिडी दगडावर विझवली आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाला, “ती खांड गेली ना गो, ती हिरामणच्या पाळीत नाय गेली. माझ्या पाळीत गेली.”

खांड जाणं म्हणजे बांध फुटणं. चिकणखारची ती खांड सगळ्या खारपट्टीला माहीत होती. अठ्ठावीस वर्षं झाली. आषाढातली शेवटची अमावास्या, गटारी. घरोघर मटण आणि मटणाबरोबर जे असायचं ते. आता अमावास्येचं उधाण ऐन दुपारी चढतं, हे खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणजे सबंध वर्षात ज्या दुपारी शुद्धीवर राहायचं, नेमकी तीच दुपार गावाने बेशुद्ध व्हायला ठेवलेली. म्हणून त्या दिवसाची पाळी न पिणाऱ्याला द्यायची पद्धत होती. हिरामण पीत नसे, त्यामुळे गटारीची पाळी दर वर्षी हिरामणची.

त्या सकाळी हिरामणच्या बायकोला, सगुणाला, कळा सुरू झाल्या. हिरामणने शेजारच्या कान्हूला गळ घातली की एवढी दुपार सांभाळ, आणि बायकोला घेऊन तो पेणला गेला. पुढचं मामाने कॅमेऱ्यासमोर असं सांगितलं, “मी एक फळी वर ठेवली. भरतीबरोबर जिताडा आत येतो, त्याला जाळं लावलं व्हतं. म्हटलं, सणाला जिताडा. पाणी चढायला लागलं की टाकीन फळी. थोडी घेतलेली व्हती. डोळा लागला.”

एका फळीतून शिरलेल्या पाण्याने दगडाच्या बाजूची माती पोखरली आणि दोनच्या सुमाराला बांध बसला. तीन वर्षं शेतात मीठ. माणसं कंपनीत कंत्राटावर गेली ती परत शेताकडे वळली नाहीत. हिरामण पेणहून मुलगी झाल्याचे पेढे घेऊन आला तो गुडघाभर पाण्यात. त्याने सांगितलं की पाळी कान्हूला दिली होती. कान्हू म्हणाला, मला नाही दिली. गावकीने हिरामणचं घर वाळीत टाकलं. विहीर बंद, दुकान बंद, बोलणं बंद. पोरीला तर खांडीची पोर असंच नाव पडलं. दीड वर्ष त्यांनी काढलं आणि मग रोह्याजवळ वरशाला येऊन राहिले. हिरामण धाटावच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला. नऊ वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा गावातून कोणी आलं नव्हतं.

“मी गेल्यावर दाखव,” मामा म्हणाला. “जिता हाय तवर नको.” आणि मग तो रडला, पन्नास सेकंद. रोहिणीने कॅमेरा बंद केला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी मामा ओट्यावर चहाचा कप घेऊन बसला आणि कप भरलेलाच राहिला.

रोहिणीकडून एक चूक झाली. मामा गेल्याच्या सहाव्या दिवशी तिने कच्ची जोडणी मामाच्या मुलाला, सुजयला, मोबाईलवर पाठवली. लपवून काही करायचं तिच्या जिवावर आलं. सुजय डोलवीला कंपनीत होता, शिफ्टवरूनच त्याचा फोन आला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला की बाकी सगळं झकास झालंय, आबाचा आवाज ऐकून त्याला भरून आलं, फक्त ते खांडीचं तेवढं काढ. बापाचे दिवस तरी होऊ दे. मेल्या माणसाला सोड. रोहिणी म्हणाली, बघते. लग्नाच्या धंद्यात ‘बघते’ म्हणजे ‘नाही’, पण सुजय त्या धंद्यातला नव्हता.

मंगळवारी मामाचं दहावं होतं. आणि मंगळवारीच संध्याकाळी सहाची मुदत. रोहिणी सकाळच्या एसटीने निघाली तेव्हा लघुपट तयार होता. अकरा मिनिटं छप्पन सेकंद, खांड आत, रडणं आत, रडण्याखाली बासरी. परत येऊन नुसता चढवायचा होता.

खाडीच्या काठी पिंड ठेवले. चाळीसेक माणसं उन्हात उभी राहिली. समोरच्या भेंडीच्या झाडावर तीन कावळे होते, पण ते खाडीकडे तोंड करून बसले होते, जणू त्यांना कोणी निरोपच दिला नव्हता. सुजयने हात जोडून सांगितलं की आईला सांभाळीन. कावळे हलले नाहीत. उघाडीची नवी फळी बसवून घेईन. नाही. पोरीला शिकवीन, शेत विकणार नाही. एका कावळ्याने पंख साफ केले, एवढंच. भटजींना वडखळला अजून एक दहावं होतं, ते घड्याळाकडे बघायला लागले. बायकांत कुजबुज झाली की काहीतरी राहिलंय त्याचं.

काय राहिलंय ते रोहिणीला माहीत होतं. एक पाऊल पुढे टाकायचं आणि म्हणायचं, मामा, तू बोललास तसंच करीन. एवढंच वाक्य. पण चाळीस माणसं उभी होती. आणि समजा ती बोलली आणि कावळा उतरला नाही तर? ती बोलली नाही.

हैबतराव पुढे आला. खांड गेली त्या वेळी गावकीचा पंच तोच होता. आता ऐंशीचा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा काळा चष्मा लावलेला. त्याने सुजयच्या कानात काही सांगितलं. सुजयने एकदा रोहिणीकडे पाहिलं आणि पिंडाकडे वळून म्हणाला, “आबा, ती फिल्लम कोणाला दावणार नाय. तुझा शब्द खाडीतच राहील.”

सगळे चार पावलं मागे सरले. दोन कावळे खाली उतरले आणि एकाने चोच मारली.

बायकांनी सुटकेचा श्वास सोडला. कावळा सुजयच्या शब्दासाठी उतरला की माणसं मागे सरल्यामुळे, हे त्या कावळ्यालाच ठाऊक. रोहिणी कॉम्प्युटरवर काम करणारी बाई, पण तिनेही हात जोडले. हैबतराव तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “बघितलंस ना गो पोरी? आता मेलेल्याच्या शब्दाबाहेर जाऊ नको.” मामी, धोंडुबाई, बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती पिंडाकडे बघत नव्हती, रोहिणीकडेही नाही.

रोहिणी जेवायला थांबली नाही. एसटीत खिडकीशी बसून तिने मनातल्या मनात कावळ्याशी वाद घातला. मामा स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, मी गेल्यावर दाखव. ते रेकॉर्ड होतं. पण माणूस मेल्यावर त्याचं मत बदलत नाही कशावरून? नागोठणं गेलं तरी तिचा निकाल लागेना. मेलेल्यांचं मत दोन्ही बाजूंनी पडलं होतं. आता कोणा जिवंत माणसाचं हवं होतं. रोह्याला उतरून ती दुकानात गेली, लॅपटॉप घेतला आणि रिक्षाने वरशाला गेली.

सगुणा एका नव्या इमारतीमागच्या जुन्या चाळीत राहत होती. मुलीचं लग्न होऊन ती पनवेलला गेली होती, ही एकटी. दारात बसून ती भिजवलेले वाल सोलत होती. रोहिणीने आपण कोण ते सांगितलं. कान्हूची भाची म्हटल्यावर सगुणाचा हात थांबला नाही. वाल सोलता सोलताच तिने विचारलं, कान्हू गेला ना, तुला सुतक असेल. रोहिणी म्हणाली, मामाचं तीन दिवसांचं, फिटलं. “मग आत ये,” सगुणा म्हणाली.

लॅपटॉप तांदळाच्या डब्यावर ठेवून तिने सगळा लघुपट बघितला. उघाडी दिसली तेव्हा पुढे वाकली. मामाने ‘माझ्या पाळीत गेली’ म्हटलं तेव्हा तशीच बसून राहिली. मामा रडायला लागला तेव्हा तिने कपाळाला आठी घातली आणि इकडेतिकडे बघितलं.

“हा पावा कोण वाजवतो?”

“तो मी लावलाय, मावशी. मागून लावतात.”

“आमच्या घरी रडताना कोणी वाजवला नव्हता.”

संपल्यावर सगुणाने ओले हात पदराला पुसले आणि विचारलं, “आणि नारळ कुठं हाय?”

“कसला नारळ?”

सगुणा तिच्या तोंडाकडे बघत राहिली. तुला खरंच माहीत नाही, असं बघणं होतं ते. मग तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, रडलीही नाही, रेशनच्या दुकानात आपलं नाव सांगावं तसं सांगत गेली. खांड गेल्याच्या सहाव्या दिवशी गावकी बसली होती, बहिरीच्या देवळात. दोघं दोन सांगतात, तर देवाच्या नारळावर हात ठेवून बोला, असं ठरलं. कान्हूने आत जाऊन नारळावर हात ठेवला आणि म्हणाला, पाळी माझी नव्हती. मग हिरामण उठला. तर हैबतराव म्हणाला, तुझ्या घरात बाळंतपण झालंय, दहा दिवस सोयर हाय, तुला देवळाची पायरी चढता येत नाही. हिरामण म्हणाला, चार दिवस थांबा, सोयर फिटू दे. मीही ठेवतो हात. थांबले नाहीत. हात एकाचाच पडला, तोच खरा धरला.

“चार दिवस,” सगुणा म्हणाली. “पोरीचं बारसंसुद्धा झालं नव्हतं. आमचे हे पायरीखाली पावसात उभे होते, आणि आत कान्हू नारळावर हात ठेवून उभा. झोप लागली ते सांगितलं त्यानं, दारू सांगितली, जिताडा सांगितला. नारळ नाय सांगितला. कॅमेऱ्याला भ्याला नाय गो तो. बहिरीला भ्याला.”

रोहिणी डब्यावरचा लॅपटॉप बघत राहिली. पडद्यावर मामा थिजलेला होता, तोंड अर्धवट उघडं. हे पन्नास सेकंद तिने दोन आठवडे जपले होते. माणसाने सगळं ओकून टाकल्यावर येतं ते हे रडणं, अशी तिची समजूत होती. रडण्याच्या बाबतीत तिची समजूत बावीस वर्षांत पहिल्यांदाच चुकली होती. सगळं ओकलेला माणूस नव्हता तो. शेवटचा घास तोंडात धरून रडत होता.

तिने कावळ्याचं सांगितलं. सुजयचा शब्द, हैबतरावचं बोलणं, आजची सहाची मुदत, सगळं. आणि विचारलं, दाखवू का नको?

सगुणाने पुन्हा वालाची पाटी पुढे ओढली. “दाखव नायतर नको दाखवू. मला आता त्या गावात जायचं नाय, कोणी माफी मागायला यायचं नाय. पण दाखवशील तर पुरतं दाखव.”

“मग तुम्ही बोलाल? आत्ता सांगितलंत तेच?”

साडी बदलू का, असं सगुणाने विचारलं नाही. लग्नाच्या घरांत रोहिणीला सगळ्यांत आधी तोच प्रश्न ऐकू येई. सगुणाने फक्त पाटी बाजूला सरकवली आणि उंबऱ्यात उजेडाला बसली. रोहिणीने मोबाईलवरच घेतलं. सगुणाने नारळ सांगितला, सोयर सांगितलं, चार दिवस सांगितले. बावन्न सेकंद झाले आणि ती उठून आत गेली.

रोहिणी दुकानात पोचली तेव्हा पावणेचार झाले होते. नवरा माणगावला हळदीच्या शूटिंगला गेला होता. ते बरंच झालं, त्याने मधे बसून दोन्ही बाजूंनी मान डोलावली असती.

पहिल्यांदा तिने बासरी काढली. एक बटण दाबलं की निघाली. आणि मामाचं रडणं उघडं पडलं. त्यात नाकाचा आवाज होता, बिडीचा खोकला होता, मध्येच घशात अडकलेली एक शिट्टी होती. मागे कोणाचा तरी बोकड ओरडत होता, तो बासरीखाली आजवर ऐकूच आला नव्हता.

मग हिशोब वेळेचा. हातात चार सेकंद शिल्लक, आणि सगुणाचे बावन्न घालायचे. अठ्ठेचाळीस सेकंद कुठून काढायचे? फळ्या टाकायचं काढलं तर परजिल्ह्यातल्या परीक्षकाला उघाडी म्हणजे काय तेच कळणार नाही. गटारीचं काढलं तर सगळा डोलारा बसला. सकाळची खाडी होती सुरुवातीला, धुकं, बगळे. ती तिने छान घेतली होती, पण ते सगळे मिळून सोळा सेकंद. त्यांना हात लावून भागत नव्हतं, आणि ती मनातून जाणून होती की बगळ्यांवर आपण उगाच फिरतोय. पन्नास सेकंदांचा तुकडा एकच होता.

ती त्याच्यापुढे पंधरा मिनिटं बसली. वेळ नसताना बसली.

रडणारा माणूस निम्मा माफ झालेला असतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? रडणं ठेवलं तर बघणारे म्हणणार, बिचारा म्हातारा, शेवटी बोलला तरी. रडणं काढलं तर मामा नुसता एक माणूस उरतो, ज्याने फळी वर ठेवली, झोपला आणि नारळावर हात ठेवला. तोच मामा, ज्याच्या खांद्यावरून तिने पहिली भरती पाहिली. त्याच्या जाण्याला दहा दिवस झाले होते, आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं त्याच्याकडून शेवटची गोष्ट काढून घ्यायला बटणावर बसली होती. सगुणाला ठेवायचं तर त्याचे अश्रू जायला हवे होते. दोघं एका पडद्यात मावत नव्हती. गावात मावली नव्हती, तशीच.

तिने कापलं. ‘डोळा लागला’ म्हणून मामा थांबतो, ‘मी गेल्यावर दाखव’ म्हणतो, आणि लगेच उंबऱ्यात बसलेली सगुणा येते. “आणि नारळ,” असं म्हणून सुरू करते. अकरा मिनिटं अठ्ठावन्न. तिने एकदाच पूर्ण बघितलं. बघवत नव्हतं, म्हणजे बरोबर होतं.

जुनं मशीन, लघुपट पक्का करायला, म्हणजे एका फाईलमध्ये उतरवायला घातल्यावर त्याने पन्नास मिनिटं सांगितली. पाच वाजायला आले होते. त्यातली पंचवीस झाली असतील तेव्हा सुजयचा फोन आला. मागे भांडी घासल्याचा आवाज होता, जेवणं आवरलेली दिसत होती.

“ताई, कापलंस ना?”

“कापलं. पण तू म्हणालास ते नाही.”

तो म्हणाला, “कावळा शिवला ना? तू होतीस ना उभी?”

“होते. सुजय, हिरामणला देवळात येऊ दिलं नव्हतं, हे तुला ठाऊक होतं?”

त्या दिवसांत सुजय सात वर्षांचा होता. सात वर्षांच्या पोराला जेवढं ठाऊक असतं तेवढं त्याला असणार, म्हणजे पुष्कळ. तो एवढंच म्हणाला, “आपल्याला त्याच गावात राहायचं हाय, ताई. तुला नाय.” हे खोटं नव्हतं. रोहिणी तसं म्हणालीही. मग फोन ठेवला गेला.

पाच सेहेचाळीसला फाईल तयार झाली. वेबसाइटवरचा फॉर्म लांबलचक होता. नाव, पत्ता, दिग्दर्शक, संकलक, कॅमेरा. सगळीकडे तिने स्वतःचंच नाव घातलं, लग्नपत्रिकेत मानकऱ्यांच्या नावांनी रकाना भरावा तसं. संगीत या चौकटीत तिने ‘नाही’ लिहिलं. शेवटी एक बारकी ओळ होती, दाखवलेल्या सर्व व्यक्तींची संमती घेतली आहे. मामाची होती. सगुणाची होती. कावळ्याची नव्हती, पण तो कुठे दिसत नव्हता. तिने खूण केली. पाच सत्तावन्नला पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली आणि ‘आपला लघुपट मिळाला’ असं लिहून आलं. तिला वाटलं होतं, या क्षणी काहीतरी वाटेल. तहान लागली, तेवढंच.

ती पाणी प्यायली, शटर अर्धं ओढलं, आणि पुन्हा फोन वाजला. नंबर सुजयचाच होता, पण आवाज मामीचा. इतका हळू की आधी तिला लाइन खराब वाटली.

“पाठवलीस?”

“हो मामी.”

“सगुणा दिसली का त्यात?”

मामीला सगुणाचं कोणी सांगितलं नव्हतं. “दिसली. मामी, नारळाचं तुला माहीत होतं?”

“मी तिथंच व्हते ना. बायांना कुठं आत घेत व्हते तेव्हा. पायरीखाली व्हते. हिरामण उभा व्हता त्याच्या बाजूला. तो माझ्याकडं बघत व्हता गो. म्हणत काय नव्हता. नुसता बघत व्हता. सकाळी पाळी देताना मी चहा केला व्हता दोघांना.”

म्हणजे पाळी दिल्याचं ऐकणारं तिसरं माणूस होतं, आणि ते अठ्ठावीस वर्षं त्याच घरात चूल पेटवत होतं. रोहिणीच्या तोंडून निघून गेलं, मग बोलली का नाहीस? मामी म्हणाली, नवरा आत नारळावर हात ठेवून उभा असताना बाई काय बोलते ते तू सांग. कॅमेरा नव्हता, चालू असता तरी तिने तो या वेळी बंद केला असता.

आता वाळीत टाकायला कायद्याने बंदी आहे, म्हणून चिकणखारात कोणी तो शब्द वापरत नाही. हैबतरावने पडवीत बसून एवढंच सांगितलं होतं की ज्याच्या घरी रोहिणी उतरेल त्याच्या घरी आपलं जाणं-येणं नको. मामीने ते जसंच्या तसं सांगितलं. जवळून कोणी चाललं असावं, कारण तिचा आवाज एकदम घरगुती झाला, जणू भाजीचं बोलतेय.

“तेराव्याची पानं धरलीत,” ती म्हणाली. “दोनशे दहा धरलीत. तुझं नाय धरलं.”

“बरं,” रोहिणी म्हणाली.

“माझंही मी धरू नको म्हटलंय,” मामी म्हणाली, आणि फोन कोणीतरी तिच्या हातातून घेतला.